रक्तविकार असलेल्या रुग्णाची तातडीची अवस्था कशी ओळखावी

रक्तविकाराच्या रुग्णाबाबत घरच्यांना फसवते ती लक्षणांची सौम्यता. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला ५०० च्या खाली गेल्या, की जंतुसंसर्ग होऊनही पू धरत नाही, सूज फारशी येत नाही. बहुतेक वेळा ताप हीच काय ती खूण उरते. म्हणून तापमान एकदा जरी ३८.३ अंश सेल्सियस भरले किंवा ३८ अंशांवर तासभर टिकले, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नये, कारण रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात प्रतिजैविकाचा पहिला डोस शिरेतून जायला हवा. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नये. त्याने ताप उतरतो, संसर्ग नव्हे. थर्मामीटर गुदद्वारात लावू नये.

हिमोफिलियात, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजारात, सर्वाधिक धास्ती डोक्याच्या माराची. मूल पडले, उठून पुन्हा खेळू लागले, उलटी नाही, साधे टेंगूळही नाही, तरीही कवटीच्या आत रक्त झिरपत राहू शकते आणि लक्षणे काही तासांनी, क्वचित काही दिवसांनी उमटतात. येथे क्रम चुकता कामा नये: आधी फॅक्टर (रक्त गोठवणारे, रुग्णात कमी असलेले प्रथिन), मग सीटी स्कॅन. फॅक्टर आठ कमी असलेल्या रुग्णात वजनाच्या किलोमागे त्याचे एक युनिट दिले, की रक्तातील पातळी सुमारे २ टक्क्यांनी वाढते. डोक्याच्या रक्तस्रावात ती ८० ते १०० टक्क्यांपर्यंत न्यायची असते, म्हणजे तीव्र आजार असलेल्या २० किलोच्या मुलाला १००० युनिटपर्यंत फॅक्टर लागतो. इन्हिबिटर (फॅक्टर निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे) असल्यास हा हिशेब कोलमडतो, म्हणून आपल्या रुग्णाचा डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावा. मान, घसा आणि पोटातील रक्तस्रावालाही हीच घाई लागू आहे.

सिकलसेलमध्ये, म्हणजे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याच्या आनुवंशिक आजारात, दुखणे नेहमीचेच असते. त्यामुळे वेगळे काय आहे, ते हेरावे लागते. छातीत दुखून धाप लागणे, ३८.५ अंशांवरचा ताप, एका अंगाची शक्ती जाणे किंवा बोबडी वळणे, यांपैकी एक लक्षणही तातडीने रुग्णालयात नेण्यास पुरेसे आहे. लहान मुलाची प्लीहा (पानथरी) आईवडिलांनी रोज तपासावी: मुलाला उताणे निजवून डाव्या बरगड्यांखाली बोटांची टोके हलकेच दाबावीत. ती एरवीपेक्षा मोठी लागली आणि ओठ, तळहात फिके दिसले, तर रक्त प्लीहेत साठत आहे असे समजून तत्काळ निघावे.

प्लेटलेट कमी असताना पायांवर नुसते लाल ठिपके असतील, तर बहुधा थोडे थांबता येते. तोंडात रक्ताचे फोड किंवा अचानक तीव्र डोकेदुखी असल्यास मात्र थांबता येत नाही. रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेल्या कोणालाही ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन स्वतःहून देऊ नये आणि स्नायूतले इंजेक्शन टाळण्यास सांगावे.

अपघात विभागात पोहोचल्यावर हकिकत पडण्यापासून किंवा तापापासून सुरू करू नये. आजाराचे नाव, शेवटच्या तपासणीतला आकडा आणि घरी दिलेल्या औषधाची वेळ ही माहिती पहिल्याच वाक्यात सांगावी आणि तज्ज्ञांचे पत्र लगेच पुढे करावे.