कादंबरीतला पाऊस कसा वाचावा

परीक्षेत हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘कादंबरीतील निसर्गवर्णन’. नागपुरात माझ्याकडे बी.ए.ची मुलं शिकायला येतात. त्यांना मी पहिल्याच दिवशी हा प्रश्न बाजूला ठेवायला सांगते. चांदण्याची, पाखरांची चार सुंदर वाक्यं वहीत उतरवून माणसाचं मातीशी नातं काय, ते कळत नाही.

पेन्सिल घ्या आणि विशेषणं सोडून क्रियापदांखाली रेघ मारा. पाऊस काय करतो, जमीन काय करते, जनावर काय करतं?

सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’पासून करा. १९५५ची कादंबरी, आकाराने लहान. माणदेशातल्या धनगरवाडीत तरुण मास्तर शाळा चालवायला येतो. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, वाडी उठते आणि शाळाही संपते. यातून पाऊस काढून बघा, गोष्ट उरते का? नाही ना? मग पात्रांच्या यादीत मास्तरशेजारी पावसाचं नाव लिहा.

शेकूच्या प्रसंगावर मात्र थांबा. त्याच्याकडे बैल एकच, म्हणून जुवाच्या दुसऱ्या बाजूला त्याची बायको स्वतःला जुंपून घेते. मुलं समासात ‘करुण’ लिहितात आणि पान उलटतात. मी त्यांना वहीत दोन रकाने पाडायला लावते: कोण बघतो, कोण ओढतं. मास्तर पहिल्यात, ती बाई दुसऱ्यात, आणि तिच्याच ओळीत बैल. एवढं लिहून झालं की वर्गात जरा वेळ कुणी बोलत नाही.

आणखी एक सवय लावून घ्या. पात्राला लगेच ‘निसर्गप्रेमी’ ठरवू नका. मला हे काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत उमगलं. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर झाडं फुलावीत म्हणून, वडील ऐन उन्हाळ्यात बाग ताणावर सोडायचे, म्हणजे झाडांचं पाणी तोडायचे. पानं मलूल होऊन गळायची. मला बघवेना. विहिरीजवळच्या एका झाडाला मी रोज लपून दोन बादल्या पाणी घालायची. पावसाळा लागला, सगळी बाग पांढरी फुलली आणि ते झाड नुसतं पालवीवर गेलं. वडील रागावले नाहीत. बुंध्यावर हात ठेवून म्हणाले, “याला तहानच लागली नाही, बाई.” पाणी तोडणारा हात तोच, बुंध्यावरचाही तोच. कादंबरीत कास्तकार झाडाशी, ढोराशी कठोर वागताना दिसला की मी ती ओळ दोनदा वाचते.

त्यानंतर गो. नी. दांडेकरांचा ‘माचीवरला बुधा’ घ्या. बुधा मुंबई सोडून राजमाचीला परततो. त्याचा झाडांवरचा, जनावरांवरचा जीव सगळ्यांनाच दिसतो. तुम्ही त्याचं पोट कशावर चालतं ते शोधा. माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ शेवटी ठेवा. त्यात वानरांच्या टोळ्या आहेत. माणसाच्या राज्यकारभारातले शब्द त्यांच्यावर कुठे कुठे चढवलेत, तेवढं टिपा. शीर्षकापासूनच सापडतील.

‘बनगरवाडी’ शक्यतो मे महिन्यात वाचा, दुपारी, कूलर बंद ठेवून. मुलं कुरकुरतात, पण तासभर बसतात. मग मी तिसरा रकाना पाडायला सांगते आणि त्यात कूलरच्या टाकीतलं पाणी कुठून येतं ते लिहायला लावते: पेंच, कन्हान या नद्या.