आईबाबांसाठी मोबिलिटी स्कूटर घेताय? आधी टेप काढा, पैसे नंतर

आधी एक गोंधळ मिटवूया. आपल्याकडे 'हँडिकॅप स्कूटर' असं सर्च केलं की जास्त करून मागे दोन जादा चाकं लावलेली ॲक्टिव्हाच दिसते. ती रस्त्यावरची गाडी, तिला नंबर प्लेट, लायसन्स, हेल्मेट सगळं लागतं. मी लिहितेय ती मोबिलिटी स्कूटर वेगळी. खुर्चीसारखी सीट, पाय ठेवायला सपाट पाटा, समोर उभा दांडा आणि त्यावर हँडल, तीन किंवा चार छोटी चाकं, आणि वेग बहुतेक मॉडेलला ताशी ६ ते ८ किलोमीटर, म्हणजे माणूस भरभर चालतो तेवढाच. १९६८ मध्ये अमेरिकेत मिशिगनला ॲलन थीम नावाच्या प्लंबिंग-हीटिंगच्या कंत्राटदाराने मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झालेल्या घरच्या माणसासाठी अशी गाडी बनवली, तिथून हे सुरू झालं.

आमच्याकडे ती आली आईसाठी. आई ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले, घरात भिंतीला धरून फिरते पण कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जाता येत नव्हतं. कोणीतरी आणून देत होतंच, पण भाजी आणून देणं आणि भाजी निवडून घेणं यात किती फरक आहे ते तिच्या तोंडाकडे बघून कळायचं. म्हणून घेतली, आणि घेताना आणि नंतर जे शिकलो ते सगळं क्रमाने लिहितेय.

स्कूटर की पॉवर व्हीलचेअर, हे आधी ठरवा

स्कूटर कोणासाठी? जो माणूस आधाराने का होईना चार पावलं चालू शकतो, स्वतः उठून बसू शकतो, पाठ सरळ ठेवून अर्धा तास बसू शकतो आणि ज्याचे दोन्ही हात बऱ्यापैकी चालतात त्याच्यासाठी. दांडा दोन्ही हातांनी धरून वळवावा लागतो. एका बाजूला अर्धांगवायू असेल, तोल जात असेल किंवा दिवसभर घरातच वापरायची असेल तर जॉयस्टिकवाली पॉवर व्हीलचेअर बघा, ती जागच्या जागी वळते, स्कूटरला वळायला बरीच जागा लागते. आणि व्हीलचेअर आधीपासून आहे, माणूस तरुण आहे, लांब जायचंय, अशांसाठी चेन्नईच्या नियोमोशनचं नियोबोल्टसारखं पुढे जोडायचं मोटरवालं युनिट पण मिळतं.

ऑर्डर देण्याआधी फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवाच. डोळ्यांचं काय, मोतीबिंदू काचबिंदू आहे का, शुगर अचानक खाली जाते का, झोपेची गोळी सकाळपर्यंत रेंगाळते का, अंगठ्यात जोर आहे का, हे सगळं गाडी चालवण्याच्या दृष्टीने बघायला लागतं. आणि जे चालता येतंय ते चालणं बंद करायचं नाही, घरातल्या फेऱ्या चालूच ठेवायच्या, नाहीतर मांड्यांची उरलीसुरली ताकद पण जाते.

मग टेप काढा

ही पायरी लोक सोडतात आणि नंतर गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून पडते. मॉडेल बघायच्या आधी एका कागदावर लिहून काढा: घराच्या दाराची मोकळी रुंदी (दार उघडल्यावरची, चौकटीची नाही), लिफ्टच्या दाराची रुंदी, लिफ्टची आतली खोली, उंबरठ्याची उंची, बिल्डिंगच्या पायऱ्या किती आणि प्रत्येक किती इंचाची, गेटशेजारच्या छोट्या दाराची रुंदी, आणि फूटपाथवर खांब असतील तर दोन खांबांमधलं अंतर. ब्रोशरमधली गाडीची लांबी या लिफ्टच्या खोलीशी ताडून बघायची. लिफ्टमध्ये वळता येणार नाही, आत सरळ गेली की रिव्हर्सनेच बाहेर यावं लागेल, हे धरूनच चाला.

पायऱ्यांचं गणित तर नीट समजून घ्या. रॅम्पचा सुरक्षित उतार १:१२ धरतात, म्हणजे १ इंच चढायला १२ इंच लांबी. ६ इंचाची एक पायरी असेल तर ६ फुटांचा रॅम्प. आमच्या बिल्डिंगला तीन पायऱ्या आहेत, म्हणजे १८ इंच, म्हणजे १८ फूट! सोसायटीने पाट टाकावा तशी चार फुटांची लोखंडी पट्टी टाकून दिली होती आणि 'झाला की रॅम्प' म्हणाले, त्यावरून गाडी न्यायची म्हणजे मागे उलटायचीच. शेवटी मीटिंगमध्ये कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा बाजूच्या भिंतीला लागून मधे वळण असलेला रॅम्प झाला, त्यात चार महिने गेले. म्हणून सांगते, रॅम्पची बोलणी गाडीच्या आधी सुरू करा. रॅम्प होणारच नसेल तर गाडी खाली पार्किंगमध्ये ठेवायची आणि माणसाने कठड्याला धरून उतरायचं, हा पण मार्ग आहे, फक्त तिथे प्लग पॉइंट लागेल.

कोणती घ्यायची

तीन चाकी कमी जागेत वळते, पाय पसरायला जागा मिळते, पण वेगात वळवली किंवा एक चाक खड्ड्यात गेलं तर कलंडायची भीती जास्त. चार चाकीला वळायला जागा जास्त लागते पण ती बसकी, भक्कम. मॉलमध्ये, एअरपोर्टवर फिरायचं तर तीन चालतील, आपल्या रस्त्यांसाठी माझं मत स्पष्ट चार.

फोल्डिंग मॉडेल दिसायला छान, २५-३० किलोचं असतं आणि डिकीत जातं, पण चाकं लहान आणि जमिनीपासूनची उंची खूप कमी. आपला स्पीडब्रेकर नियमाप्रमाणे १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद पसरट असायला हवा, प्रत्यक्षात सोसायटीत अरुंद रबरी वरवंटे ठोकलेले असतात, त्यावर अशा गाडीचं पोट घासतं किंवा चाकं अधांतरी राहतात. तुमच्या घरापासून भाजीवाल्यापर्यंतच्या रस्त्यात सगळ्यात वाईट जागा कोणती ती शोधा, आणि दुकानदाराला सांगा की डेमो तिथे द्या. शोरूमच्या टाइल्सवर सगळ्याच गाड्या मस्त चालतात. आम्हाला एका विक्रेत्याने डेमो फक्त दुकानातच मिळेल म्हणून सांगितलं, आम्ही तिथून निघालो.

सीट फिरणारी हवी. गुडघेवाल्यांना हे फार महत्त्वाचं, सीट बाजूला वळवून लॉक करायची आणि मग उठायचं. सीट जरा उंच असली तर उठताना गुडघ्यावर जोर कमी येतो. आर्मरेस्ट वर उचलता यायला हवेत. गाडीची वजनाची मर्यादा बघताना माणसाचं वजन अधिक पिशव्या असं धरा आणि वर थोडी शिल्लक ठेवा.

बॅटरी दोन प्रकारची, लेड-ॲसिड आणि लिथियम. लेड-ॲसिड स्वस्त पण जड, आणि रिकामी ठेवली की आतून खराब होत जाते. लिथियम हलकी, महाग, जास्त टिकते. कंपनी रेंज (एका चार्जमध्ये कापायचं अंतर) सांगते ती सपाट रस्ता, हलका माणूस, नवी बॅटरी असं धरून, तुम्ही त्याच्या निम्मीच धरा. मुलं परदेशात असतील आणि गाडी विमानातून न्यायची असेल तर एक हिशोब करून ठेवा: व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. २४ व्होल्ट आणि १२ ॲम्पिअर-अवर म्हणजे २८८. काढून हातात न्यायच्या लिथियम बॅटरीला विमानात मर्यादा ३०० वॉट-अवरची आहे, दोन बॅटऱ्यांवर चालणारी गाडी असेल तर प्रत्येकी १६०. तिकीट काढतानाच एअरलाइनला कळवायचं, ऐन काउंटरवर नाही.

कागद आणि पैसे

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २५० वॉटपेक्षा कमी पॉवर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या बॅटरीच्या गाड्यांना काही अटींवर मोटार वाहनातून सूट आहे, म्हणून मोटरची पॉवर आणि टॉप स्पीड बिलावर लिहून घ्या आणि शंका असेल तर आरटीओत विचारा. अपंगांसाठीच्या गाड्यांवर, मोटर असली तरी, जीएसटी ५ टक्के लागतो, बिलात १८ दिसले तर विचारा. सरकारी मदतीचं म्हणाल तर राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना एकदाच ३,००० रुपये मिळतात, त्यात काठी, वॉकर, कमोड खुर्ची येईल, स्कूटर नाही. दिव्यांगत्व जास्त असेल तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून समाजकल्याण कार्यालयात केंद्राच्या एडिप (दिव्यांगांना साधनं देणाऱ्या) योजनेतल्या मोटरवाल्या तीनचाकीबद्दल विचारा.

सर्व्हिसिंगला माणूस घरी येतो का, बॅटरी आणि चार्जर सुटा मिळतो का, हे पैसे द्यायच्या आधी विचारायचं. पुण्यात बसून दिल्लीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करत बसणं फार जीवावर येतं.

चालवायला शिकणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, आम्ही पंधरा दिवस दिले.

आधी ब्रेक समजून घ्या. बऱ्याच मॉडेलला हाताने दाबायचा ब्रेकच नसतो. हँडलखाली एक पट्टी असते, सहसा उजवीकडून दाबली की पुढे, डावीकडून दाबली की मागे, सोडली की गाडी आपोआप थांबते. आतला ब्रेक स्प्रिंगने आवळलेला असतो, करंट आला तरच सुटतो, म्हणून करंट गेला की गाडी जागेवर घट्ट.

आता आमच्या आईने वीस वर्षं लुना चालवलेली. तिच्या हाताला सवय काय, घाबरलं की लिव्हर आवळायची, लुनाला तोच ब्रेक. इथे आवळलं की गाडी पळते! दुसऱ्याच दिवशी समोर मांजर आली, आईने पट्टी गच्च दाबली आणि गाडी थेट पार्किंगच्या खांबाला. वेगाचं बटण कासवाच्या चित्रावर, म्हणजे सगळ्यात हळूवर होतं म्हणून फक्त पाटा चेपला. ज्यांनी आयुष्यभर टूव्हीलर चालवली त्यांना हा धोका जास्त, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मग आम्ही 'थांब' म्हणायचंच बंद केलं, 'सोड' म्हणायला लागलो. चालता चालता मधेच मी 'आई, सोड!' म्हणायचे आणि ती दोन्ही हात उचलायची. असं रोज वीसपंचवीस वेळा, जोपर्यंत हात आपोआप सुटायला लागला तोपर्यंत.

क्रम असा ठेवा. पहिले दोन दिवस फक्त बसणं आणि उतरणं: चावी बंद, सीट वळवून लॉक, बसा, सीट सरळ, पाय पाट्यावर, पदर किंवा ओढणी खोचलेली, निऱ्या चाकापासून लांब, मग चावी चालू. उतरताना आधी चावी बंद, बाकी सगळं नंतर, कारण उठताना माणूस हँडललाच धरतो आणि अंगठा पट्टीवर पडतो. मग सकाळी पार्किंग रिकामं असताना पाण्याच्या बाटल्या मांडून नागमोडी चालवणं, मग रिव्हर्स, मग लिफ्ट, मग रॅम्प. उतारावर नेहमी सरळ चढायचं, सरळ उतरायचं, तिरकं नाही आणि मधे वळायचं नाही. स्पीडब्रेकरही सरळच घ्यायचा, हळू पण न थांबता. वळायच्या आधी वेग कमी, वळताना नाही.

आणि फ्रीव्हीलचा खटका घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. गाडी बंद पडली तर ढकलण्यासाठी तो असतो, पण तो ओढला की ब्रेक अजिबात राहत नाही. उतारावर, माणूस बसलेला असताना, कधीही हात लावायचा नाही. मदत करायला धावून आलेले लोकच हा खटका ओढतात, म्हणून आमच्या वॉचमन काकांनाही समजावून सांगितलंय.

रोजचं

आल्या आल्या चार्जिंगला लावा, लेड-ॲसिड असेल तर थोडंच फिरून आलात तरी लावा. चार्जर कंपनीचाच. जिन्यात किंवा दाराच्या तोंडाशी चार्जिंग नको, काही झालं तर बाहेर पडायची वाटच बंद होते. पावसाळ्यात महिनाभर गाडी निघाली नाही तरी मधे एकदा फुल चार्ज करा. पावसाची भुरभुर असेल तर चालते, पण साठलेल्या पाण्यातून नेऊ नका, मोटर आणि वायरिंग खाली जमिनीजवळच असतं. कोकणात, मुंबईत खाऱ्या हवेने कनेक्टर गंजतात, ते कोरड्या फडक्याने पुसत राहा. हवेच्या ट्यूबची चाकं असतील तर आठवड्याला हवा बघा.

रस्त्यावर सुरुवातीला तुम्ही सोबत चाला, पण खांद्याच्या रेषेत, पुढे नाही. पुढे चाललात की चालवणारा माणूस तुमच्याकडे बघतो, रस्त्याकडे नाही. मागे लाल दिवा, एक उंच झेंडी लावा, रिक्षावाल्याला एवढी बुटकी गाडी दिसतच नाही. पिशवी हँडलला अडकवायची नाही, दांडा एका बाजूला ओढला जातो, पुढे बास्केट बसवून घ्या. पहिली एकटीची फेरी सकाळी अकराच्या सुमारास, रहदारी कमी असताना, फोन गळ्यात, चार्ज फुल.

आई तशी गेली तेव्हा मी गॅलरीत उभी होते, चाळीस मिनिटं लागली. बास्केटमध्ये मेथीच्या दोन जुड्या होत्या आणि भाजीवाल्याशी भाव करून त्याने वर घातलेली कोथिंबीर.