ऊन चढलं की सेन्सर पीईटीला एचडीपीई म्हणतो? माझा अनुभव

प्लास्टिकचा प्रकार ओळखणारा माझा इन्फ्रारेड सेन्सर सकाळी बिनचूक चालायचा, पण दुपारी पीईटीच्या (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) बाटलीला एचडीपीई (शाम्पूच्या बाटल्यांचं प्लास्टिक) म्हणायचा. फोटोडायोड (प्रकाश मोजणारा भाग) बदलला, रीडिंगवरून प्लास्टिक ओळखणारं संगणकाचं मॉडेल पुन्हा शिकवलं, फरक शून्य. जीव मेटाकुटीला आला.

उपाय लागू पडला तो असा. आधी सेन्सरमधले वेगवेगळ्या तरंगलांबीचे सगळे एलईडी बंद ठेवून रीडिंग घ्या. मग एकच एलईडी लावून रीडिंग, त्यातून आधीचं वजा, म्हणजे उन्हाचा वाटा गेला. प्रत्येक एलईडीला हेच, आणि बंद रीडिंग दर वेळी नवं. नंतर तुलनेसाठी नळाची पांढरी टेफ्लॉन टेप जाड पदरांत गुंडाळून तिच्यावरही असंच मोजा. प्लास्टिकच्या आकड्याला टेपच्या आकड्याने भागा. एलईडी तापतात, म्हणून टेपचं माप अधूनमधून पुन्हा घ्या. मॉडेलला फक्त हे भागाकार द्या. पीईटी १६६० नॅनोमीटर तरंगलांबीजवळ, एचडीपीई १७३०जवळ प्रकाश शोषतं. हा फरक आता भर उन्हातही दिसतो.

काळं प्लास्टिक मात्र वेगळं काढा, त्यातला कार्बन हा प्रकाशच गिळतो.