६५०७ वापरताय? या चुका टाळा

६५०२ या प्रोसेसर चिपला ४० पिना, तिच्याच ६५०७ या आवृत्तीला २८. आतली चिप तीच, फक्त बारा पिना बाहेर काढलेल्या नाहीत. म्हणून अटारी २६०० या व्हिडिओ गेमच्या यंत्रात १९७७ साली ती स्वस्तात बसली. 'पिना कमी म्हणजे काम सोपं' असं समजून लोक सुरुवात करतात आणि रात्री अकराला मला फोन करतात.

पिन ३, म्हणजे आरडीवाय (ही खाली ओढली की प्रोसेसर थांबतो), मोकळी सोडू नका. मी सोडली होती. वायर सरळ करायला हात जवळ नेला की चिप चालायची, हात काढला की गप्प. तीन संध्याकाळी मी चिपला ठेका देणाऱ्या घड्याळावर (क्लॉकवर) संशय घेतला, त्याचा क्रिस्टल बदलला, प्रोग्रामची रॉम दोनदा नव्याने भरली. शेवटी ३.३ किलोओहमचा रेझिस्टर लावून ती पिन ५ व्होल्टला बांधली आणि विषय संपला. तेव्हापासून ब्रेडबोर्डवर माझा पहिला रेझिस्टर हाच.

'२८ पिनांचीच आहे ना' म्हणून ६५०७च्या जागी तिची बहीण ६५०४ खोचणारेही भेटतात. तिची पिन ३ इंटरप्टची, म्हणजे चालू काम सोडून दुसरं करायला लावणाऱ्या सिग्नलची असते. अटारीत चित्र काढणारी टीआयए चिप आरडीवाय खाली ओढून पडद्यावरची रेषा संपेपर्यंत प्रोसेसरला थांबवते. ६५०४ थांबतच नाही, मग चित्राचा चुथडा होतो.

दुसरं दुखणं स्टॅकचं, म्हणजे प्रोसेसर परतीचे पत्ते जिथे ठेवतो त्या जागेचं. अटारीत रॅम फक्त १२८ बाइट, पत्ते १२८ ते २५५. स्टॅकसाठी वेगळी जागा नाही, तो त्याच बाइटांवर वरून खाली उतरतो. एका पोराने स्कोअर पत्ता २५५वर ठेवला होता. सबरुटीनला (प्रोग्रामच्या दुसऱ्या तुकड्याला) गेलं की स्कोअर २४२! पोरगा बेरीज तपासत बसला. बेरीज बरोबरच होती. २४२ हा परतीच्या पत्त्याचा वरचा बाइट होता. मी व्हेरिएबल १२८पासून वर चढवतो आणि शेवटचे १६ बाइट स्टॅकला सोडतो. कोणी 'दोन बाइटांनी काय होतंय' म्हणालं की मी विषय बदलतो.

इंटरप्टची वाट बघू नका, त्याच्या आयआरक्यू आणि एनएमआय या दोन्ही पिना ६५०७ला नाहीत; टायमर वाचत राहा. रीसेटनंतर दशमान मोड (दहाच्या हिशोबाने बेरीज करणारी सोय) आपणहून बंद करा, नाहीतर बेरजा बिघडतील. आणि रीसेटचा पत्ता, म्हणजे प्रोग्राम कुठून सुरू करायचा ते चिप जिथे वाचते ती जागा, ६५५३२ असला तरी बाहेर तेराच पत्ता-लाइनी असल्याने त्यांच्यावर ८१८८ दिसतो. ४ केबीच्या रॉममध्ये प्रोग्रामच्या सुरुवातीचा पत्ता ४०९२वर लिहा. घाईत तो शून्यावर लिहून 'चिप मेलेली निघाली' म्हणणारे मी मोजणं सोडलंय.