कपाशीतले किडे आणि पूर्ण मॅन्युअल मॅक्रो लेन्स: डिजिटल कॅमेऱ्यावर कशी वापरायची

पूर्ण मॅन्युअल लेन्स म्हणजे जिच्यात मोटर नाही, माउंटवर (लेन्स कॅमेऱ्याला बसते ते कडं) कॅमेऱ्याशी बोलणारे ते सोनेरी कॉन्टॅक्ट नाहीत, फोकस हाताने फिरवायचा आणि अपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक, तेही लेन्सवरच्याच रिंगने. जळगाव-धुळ्याकडे लग्नाचं काम करणारे मित्र अशी लेन्स नको म्हणतात, ऑटोफोकस नाही ना. पण कपाशीच्या पानामागच्या तुडतुड्याचा फोटो काढायला जाल तेव्हा चांगला ऑटोफोकससुद्धा नुसता मागेपुढे हुडकत बसतो, मॅक्रोत, म्हणजे इतक्या जवळून, फोकस शेवटी हातानेच करावा लागतो. म्हणून टीटीआर्टिझनची ४० एमएम, लाओवाची ६५ एमएम किंवा निकॉनची जुनी ५५ एमएम मायक्रो, जी परवडेल ती बिनधास्त घ्या. फक्त निकॉनची ती जुनी एकटी १:२ पर्यंतच जाते, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्याच्या निम्म्या मापाचा पडतो, १:१, म्हणजे खऱ्याएवढाच पाहिजे तर लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे एक्स्टेन्शन रिंग (पोकळ कडं) लागते. आणि निकॉनच्या त्या जुन्या एफ माउंटची लेन्स सोनीवर लावायची तर अडॅप्टर घ्यायचा, तो आतून पोकळच असतो, काच नसते, माउंटपासून सेन्सर निकॉनमध्ये ४६.५ मिलिमीटरवर असतो आणि सोनीत १८ वर, नुसता तेवढा फरक भरून काढतो, त्यामुळे क्वालिटी काही जात नाही.

आता आधी मेनू. लेन्स लावली, बटण दाबलं आणि शटर पडलंच नाही तर लेन्स खराब नाही, कॅमेऱ्याला वाटतंय की लेन्स लावलेलीच नाही. सोनीत 'रिलीज विदाउट लेन्स', फुजीत 'शूट विदाउट लेन्स', कॅननच्या मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेला कॅमेरा) 'रिलीज शटर विदाउट लेन्स' शोधा आणि चालू करा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० सिरीजच्या छोट्या बॉडीवर अशा लेन्सला प्रकाश मोजणारा मीटरच चालत नाही, तिथे एम (मॅन्युअल) मोड ठेवायचा, एक फोटो काढायचा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघायचा आणि त्याप्रमाणे कमीजास्त करायचं. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सांभाळणारी सोय) असेल तर फोकल लेंथ हाताने भरा, ४० च्या लेन्सला ४०, नाहीतर ते चुकीचा अंदाज धरून चालतं.

दुसरं, अपर्चर. १:१ वर किती आणि कसा प्रकाश येतो हे नीट समजून घ्या, सगळा खेळ इथेच आहे. लेन्स पुढे सरकते तसा प्रकाश कमी होतो, रिंगवर एफ/८ असलं तरी १:१ ला ते एफ/१६ सारखं वागतं, म्हणजे दोन स्टॉप गेले, प्रकाश चौथा हिस्साच उरला. आणि एवढं करूनही फोकसमध्ये राहणारी जागा एपीएस-सी सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान) एक मिलिमीटरही नसते! मग जास्त भाग फोकसमध्ये यावा म्हणून लोक भोक लहान करून एफ/१६ करतात, ते १:१ ला एफ/३२ सारखं होतं आणि डिफ्रॅक्शनने, म्हणजे लहान भोकातून प्रकाश पसरल्याने, सगळंच मऊ दिसतं. मी म्हणेन एफ/५.६ ते एफ/८ च्या पुढे जाऊच नका, त्यापेक्षा कॅमेरा किड्याला समांतर धरा म्हणजे डोकं ते शेपटी एका रेषेत येईल.

प्रकाश कमी म्हणून फ्लॅश लागतोच. एम मोड, शटर १/१६० किंवा १/२००, आयएसओ २००, फ्लॅश मॅन्युअलवर १/१६ ताकदीपासून सुरू करा आणि समोर डिफ्यूजर लावा, पांढऱ्या फोमशीटचाही चालतो, नाहीतर ढालकिड्याच्या पाठीवर नुसता पांढरा ठिपका येतो. आणि हो, या सेटिंगवर व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट दिसेल, कारण कॅमेऱ्याला फ्लॅश धरून एक्सपोजर दाखवता येत नाही, तर सोनीत 'सेटिंग इफेक्ट' आणि कॅननमध्ये 'एक्सपोजर सिम्युलेशन' बंद करा, लगेच उजेड दिसतो.

फोकस करताना रिंग फिरवत बसू नका. आधी रिंगने किडा किती मोठा पाहिजे ते ठरवा, मग रिंग सोडून द्या आणि स्वतःच सावकाश पुढेमागे झुला, डोळा टोकदार दिसला की बटण दाबा, असे पाच-सात फोटो घ्या. पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) अंदाजाला ठीक आहे पण ते जरा जाड दाखवतं, वेळ असेल तर मॅग्निफाय करूनच बघा. डाव्या हाताने फांदी धरली आणि त्याच हातावर लेन्स टेकवली की पान आणि कॅमेरा एकत्र हलतात, वाऱ्याचा निम्मा त्रास तिथेच जातो.

कधी जायचं? ऑगस्ट ते ऑक्टोबर, पात्या-फुलांपासून बोंडं धरेपर्यंत, सकाळी दव असताना, तेव्हा किडे सुस्त असतात. मावा, त्याला खाणारा ढालकिडा, केसासारख्या देठावर उभी क्रायसोपाची (मावा खाणारा मित्रकिडा) अंडी, पाकळ्या न उघडलेली डोमकळी आणि आत गुलाबी बोंडअळी, एकाच शेतात सगळं मिळतं. पण मालकाला विचारून जा आणि फवारणी कधी झाली ते आधी विचारा, नुकतं फवारलेलं असेल तर शेतात पाय ठेवू नका, गुडघ्यावर बसून पानांत तोंड घालायचं असतं आपल्याला. बांधावर लेन्स बदलू नका, काळ्या मातीची धूळ सेन्सरवर जाते.

फाइलमध्ये अपर्चर नोंदलं जात नाही, म्हणून मोबाइलमध्ये लिहून ठेवा, आणि सोबत १:१ वर होता की १:२ वर तेही. त्याचा मोठा उपयोग होतो, एपीएस-सीवर (कॅनन सोडून) १:१ ला फ्रेमची रुंदी साधारण २३.५ मिलिमीटर, म्हणजे अळी निम्मी फ्रेम व्यापत असेल तर ती १२ मिलिमीटरच्या आसपास. कृषी विज्ञान केंद्रात किंवा सहायक कृषी अधिकाऱ्यांना (आधीचे कृषी सहायक) फोटो दाखवताना हे मापही सांगा, कीड ओळखणं त्यांना सोपं जातं.