गेमला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

गौरी-गणपतीत भावाकडे मुलुंडला गेले होते. आरती झाली, जेवणं झाली आणि भाचा कंट्रोलर घेऊन बसला. दहा मिनिटांत कंट्रोलर सोफ्यावर आपटून म्हणाला, "आत्या, हा गेमच भंगार आहे. बटण दाबलं तरी तो बाबा उशिराच लोळतो."

गेम होता एल्डन रिंग. मी तो दोनदा पूर्ण खेळले आहे, त्यामुळे माझा विश्वास बसेना. मी मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे चित्रं, टिपणारं स्लो मोशन लावलं. कंट्रोलर टीव्हीच्या खालच्या कडेशी धरायला सांगितला, म्हणजे अंगठा आणि पडदा दोन्ही एकाच चित्रात येतील. बटण खाली गेल्यापासून पडद्यावरचा माणूस हलेपर्यंत किती फ्रेम जातात ते आम्ही दोघांनी एकेक करत मोजलं. ४८ भरल्या, म्हणजे एक पंचमांश सेकंद. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू केला आणि पुन्हा मोजलं. २७.

टीव्हीचं चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून त्यात जी सोय असते, ती दोन खऱ्या फ्रेमच्या मधे एक स्वतः बनवलेली फ्रेम घालते. ती बनवायला टीव्हीला पुढच्या खऱ्या फ्रेमची वाट पाहावीच लागते. गेम मोड ही सोय बंद करतो. सिनेमा बघताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ज्या गेममध्ये तलवार अंगावर यायच्या नेमक्या क्षणी लोळायचं असतं, तिथे त्या उशिरापायी माणूस मरतो आणि शिव्या गेमला पडतात. भाच्याने त्याच रात्री तो गेम पुन्हा सुरू केला.

मी कन्नमवार नगरात राहते, लोअर परळला नोकरी करते आणि रात्री जेवणानंतर खेळते. गेमांबद्दल माझी मतं ठाम आहेत. पण अलीकडच्या दोन वर्षांत खेळलेल्या गेमांपैकी निम्म्यांबद्दल माझं पहिलं मत चुकलं होतं आणि प्रत्येक वेळी घोळ गेमच्या बाहेर निघाला. त्या चुका इथे मांडते आहे, कारण चांगला गेम अशा कारणाने अर्धवट सुटला की मला खरंच वाईट वाटतं.

आधी मशीन बघा

लॅपटॉपवर खेळत असाल तर सगळ्यात आधी गेम कोणत्या ग्राफिक्सवर, म्हणजे चित्र काढणाऱ्या भागावर, चालतोय ते पाहा. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन असतात, एक प्रोसेसरमधलंच साधं आणि दुसरं वेगळं, ताकदवान. विंडोज कधीकधी साधंच निवडतं. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. तिथे दोन्ही दिसतात आणि काम कुणावर पडतंय तेही कळतं. चुकीच्यावर पडत असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स म्हणून भाग आहे, तिथे त्या गेमसाठी हाय परफॉर्मन्स निवडा. आणि चार्जर लावून खेळा, बॅटरीवर लॅपटॉप मुद्दाम हात आखडता घेतो.

दुसरी गोष्ट उष्णता. माझा लॅपटॉप मे महिन्यात वीस मिनिटं नीट चालायचा आणि मग सिनेमातल्या स्लो मोशनसारखा. मी गादीवर बसून खेळायचे. लॅपटॉप हवा खालून ओढतो आणि गादीत ती भोकं बुजतात. तापमान वाढलं की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो. मी गेमची सेटिंग खाली आणत बसले होते, त्याने काय होणार? शेवटी लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात नेला. तिथल्या काकांनी मागचं झाकण उघडलं, पंख्याचे स्क्रू काढले आणि चिमट्याने एक पट्टी ओढून माझ्या हातावर ठेवली. करड्या रंगाची, बोटभर लांब, जुन्या गोधडीच्या आतल्या कापसासारखी दाबलेली. "मुंबईची धूळ सुकी नसते ताई, दमट हवेत ती चिकटते आणि थर धरते," असं म्हणाले. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी जुनी थर्मल पेस्ट पुसून त्यांनी नवी लावली. आता मी दर पावसाळ्यानंतर पंखा साफ करून घेते, लॅपटॉप पाटावर ठेवते आणि फ्रेम सेकंदाला ६० वर बांधून ठेवते, म्हणजे मशीन उगाच धावत नाही.

ऑनलाइन खेळणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ या दोन्हींचे सर्व्हर मुंबईत आहेत. मुंबईतच बसून पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, शंभर मिलिसेकंदांवर जात असेल तर आधी राउटर आणि तुमच्यामधल्या भिंती मोजा, आणि जमल्यास लॅनची वायर ओढा.

समोर दिसला म्हणून भिडू नका

एल्डन रिंग फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि तेव्हापासून एक तक्रार मी सतत ऐकते: "सुरुवातच अशक्य आहे." सुरुवातीच्या गुहेतून बाहेर पडलं की समोर रस्त्यावर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार फिरत असतो. नवीन माणूस त्याच्यावर जातो, मरतो, परत जातो. भाचा एका दुपारी तिथेच अडकून होता. त्या घोडेस्वाराला टाळून जायचं असतं. झाडीतून वळसा घाला, बाकीचा प्रदेश फिरा. उघड्यावरच्या तीन विसाव्याच्या जागा सापडल्या की तुम्हालाही घोडा मिळतो, आणि मग तोच स्वार आवाक्यात येतो. 'इथून निघून जा, नंतर ये' हे हा गेम शब्दांत कधी सांगत नाही. मार खाऊन ते समजून घ्यावं लागतं.

याच गेममधली आणखी एक चूक म्हणजे अंगावरचा भार. मोठं चिलखत मिळालं की सगळे ते चढवतात. भार ७० टक्क्यांच्या वर गेला की लोळणं जड होतं, माणूस पोत्यासारखा पडतो. चिलखतातला एक भाग उतरवा, फरक लगेच कळेल. आणि लेव्हल वाढवताना सगळे गुण तलवारीच्या ताकदीत घालू नका, व्हिगर, म्हणजे मार सोसायची ताकद, वाढवा. दोन फटके जास्त सोसता आले तर बॉसची, म्हणजे मोठ्या शत्रूची, चाल शिकायला वेळ मिळतो.

माझं स्पष्ट मत विचाराल तर पहिल्या तीस-चाळीस तासांत या गेमच्या तोडीचं मी काही खेळलेलं नाही. शेवटच्या भागात मात्र तेच तेच बॉस पुन्हा येतात आणि मला कंटाळा आला.

क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३ एप्रिल २०२५ मध्ये आला. लढाई आळीपाळीची, पण शत्रूचा वार येताना वेळेवर बटण दाबून तो चुकवायचा किंवा अडवून परतवायचा. परतवण्यात, म्हणजे पॅरीत, मजा खूप, म्हणून मी पहिल्या दिवसापासून पॅरीच करायला गेले आणि प्रत्येक साध्या शत्रूकडून मरत राहिले. आठवडाभर मी मैत्रिणींना सांगत होते की हा गेम विनाकारण क्रूर आहे. नंतर कळलं की चुकवण्याला जास्त सवड असते, आणि चुकवताना पडद्यावर 'परफेक्ट' असं उमटलं तर त्याच क्षणी पॅरीही लागली असती. गेम तुम्हाला ताल शिकवत असतो! नवीन शत्रू आला की आधी फक्त चुकवा, परफेक्ट यायला लागलं की मग पॅरीवर या. हा माझा गेल्या काही वर्षांतला सगळ्यात आवडता गेम आहे आणि मी तो जवळजवळ सोडला होता.

अवघडपणा कमी करण्यात काही कमीपणा नाही. हेडीस या गेमच्या सेटिंगमध्ये गॉड मोड आहे. तो चालू केला की अंगावर येणारा मार २० टक्क्यांनी कमी होतो आणि प्रत्येक मरणानंतर आणखी २ टक्के, वर ८० पर्यंत. गोष्ट तीच राहते, संवाद तेच राहतात. माझी मनगटं दुखत होती तेव्हा मी तो मोड लावूनच शेवट गाठला आणि मला काहीही हुकल्यासारखं वाटलं नाही.

फासा उलटा पडला तर पडू द्या

बाल्डर्स गेट ३ हा ऑगस्ट २०२३ मधला गेम. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांवर चालतो, म्हणजे कुणाला पटवायचं असो की कुलूप उघडायचं असो, वीस बाजूंचा फासा टाकायचा. मी प्रत्येक फाशाआधी सेव्ह करायचे आणि मनासारखं पडेपर्यंत मागे जायचे. चाळीस तासांनंतर माझं मत झालं होतं की हा गेम सपाट आहे. होणारच, मी त्याला एकदाही चुकू दिलं नव्हतं. दुसऱ्यांदा खेळताना ठरवलं की कुणी मरणार असेल तरच मागे जायचं. एका पहारेकऱ्याला थाप मारताना फासा पडला १ वर, आणि जी पळापळ झाली तिच्याबद्दल मी अजून ऑफिसातल्या डब्याच्या वेळी बोलते.

दुसरी चूक विश्रांतीची. घाई आहे असं गेम सुरुवातीपासून भासवतो, म्हणून माणूस तळावर झोपतच नाही. पण सोबत्यांच्या गोष्टी तळावर, रात्रीच उलगडतात. मी त्यातल्या कितीतरी गाळल्या. झोपा, बिनधास्त झोपा. अपवाद थोडे आहेत. जळती सराय दिसली तर आधी आतल्या लोकांना बाहेर काढा, रात्र झाली तर ते हातचे जातात. आणि या गेमला १५० जीबी जागा लागते, तीही एसएसडीवर, म्हणजे नव्या, वेगवान डिस्कवर. जुन्या हार्ड डिस्कवर टाकून तो अडखळतो म्हणू नका.

तासांवर भाव करू नका

"दीड तासाच्या गेमला एवढे पैसे?" हे वाक्य मी वेन्बाबद्दल ऐकलं आणि मीही म्हटलं होतं. कॅनडात राहायला गेलेली तमिळ बाई, तिच्या आईची फाटकी, डाग पडलेली पाककृतींची वही, आणि अर्धवट वाचता येणाऱ्या कृतींवरून तुम्ही बनवायची इडली, पुट्टू, बिर्याणी. मी तो एका बैठकीत संपवला. इडलीपात्राच्या थाळ्या नीट रचताना मला आमच्या घरचा रविवार सकाळचा वास आला. शंभर तासांच्या कित्येक गेमांतलं मला आज काही आठवत नाही, हा आठवतो.

राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक हा २०२० चा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला. त्याच्याबद्दल दोन टोकाच्या चुका होतात. एक, आपल्याकडचा म्हणून डोक्यावर घेणं. दुसरी, आपल्याकडचा म्हणून न खेळताच बाजूला सारणं. मला काय वाटलं ते सांगते. भिंतीवरची चित्रं, कळसूत्रीसारख्या सावल्यांतून सांगितलेली गोष्ट, दुर्गा आणि विष्णू यांचं आपसातलं बोलणं, हे सगळं सुंदर आहे. लढाई ढिली आहे, उड्यांचा अंदाज चुकतो आणि शेवट अचानक येतो. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही बोललं पाहिजे, नाहीतर पुढचा गेम चांगला कसा होणार?

पैशांचा प्रश्न खराच आहे, तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा नियम लक्षात ठेवा. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून पहिला अर्धा तास गोष्टीत रमू नका. लॅपटॉपवर गेम नीट चालतोय का, अक्षरं वाचता येताहेत का, डोकं गरगरतंय का, ते आधी तपासा. पहिल्यांदा उघडल्यावर शेडर, म्हणजे चित्र रंगवायचे छोटे प्रोग्राम, तयार होत असतात तो वेळही त्या दोन तासांतच धरला जातो.

आणि जुनं मत धरून बसू नका. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये इतक्या वाईट अवस्थेत आला की आठवड्याभरात प्लेस्टेशनच्या दुकानातून काढला गेला. मी तेव्हापासून त्याला नावं ठेवत होते, न खेळता. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने कौशल्यांची आणि पोलिसांची सगळी रचना बदलली. गेल्या वर्षी खेळले. शहर मोठं उदास आहे आणि त्यातली माणसं मनात राहतात.

कुठला गेम कुठल्या वेळी

माझी सगळ्यात मोठी चूक ही होती. रेड डेड रिडेम्प्शन २ मी दोनदा सोडला. रात्री साडेअकराला बसायचे, बर्फातून घोडा हळूहळू चालायचा, मोहीम निम्मी व्हायची आणि डोळे मिटायचे. मोहिमेच्या मधे स्वतः सेव्ह करता येत नाही, म्हणून दुसऱ्या रात्री तोच बर्फ, तोच घोडा. सकाळी ७.५२ ची लोकल पकडायची असेल तर हा गेम त्या तासाला खेळण्यासारखाच नाही.

आता आठवड्याच्या रात्री स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम खेळते. तिथला एक दिवस साधारण १४ मिनिटांत संपतो, झोपलं की सेव्ह होतो. तिथेही एक चूक सगळे करतात. ऋतू २८ दिवसांचा असतो आणि फ्लॉवरला १२ दिवस लागतात. खताशिवाय वसंतात १६ तारखेनंतर लावलात तर उन्हाळ्याच्या पहिल्या सकाळी सगळा वाफा वाळलेला दिसेल. बियाणं घेताना आधी तारीख बघा.

शनिवारी दुपारी जेवण झालं की दार लोटून रेड डेड. बर्फ उतरून व्हॅलेंटाइन गावात पोहोचले आहे. चिखलाच्या रस्त्यावरून घोडा आता मी मुद्दामच चालवत नेते, पळवत नाही.