ऑक्टोबरच्या ट्राउटची तयारी ऑगस्टमध्ये

हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट धरायला जायचं ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणून सामानाची यादी ऑगस्टमध्येच काढायची. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी चढलेली असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने गढूळ. पुण्या-मुंबईहून जाणाऱ्याला मग मार्च-एप्रिल उरतो, नाहीतर पाऊस ओसरल्यानंतरचे पाच-सहा आठवडे. मला हे दुसरे आवडतात. पाणी उतरलेलं असतं, तळाचा दगड न् दगड दिसतो. मासा आपल्याला दिसतो तसे आपणही त्याला दिसतो, एवढीच अडचण.

सगळ्यात जास्त वेळ फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-दोरा गुंडाळून केलेले नकली किडे, बांधण्याला द्यायचा. बाकीचं सामान आदल्या आठवड्यातही जमतं. मागच्या वेळी मी हौसेने चोवीस फ्लाय बांधल्या, चोवीसही वेगवेगळ्या. डबी उघडली की बघणारा वाहवा करायचा. तिसऱ्या दिवशी त्यातली एकच चालली, तांब्याच्या तारेची एक साधी निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या अळीची नक्कल. दोन मासे लागले आणि ती दगडात अडकून तुटली. तिच्यासारखी दुसरी डबीत नव्हती. तेव्हापासून नमुने तीन-चार आणि प्रत्येकी आठ, हाच हिशोब.

ट्राउट पोट भरते ते बहुतांशी पाण्याखाली, दगडांना चिकटून असलेल्या अळ्यांवर. म्हणून डबीतला मोठा भाग निम्फचा ठेवा. फेझंट टेल ही निम्फ १४ आणि १६ नंबरच्या गळावर (नंबर मोठा तसा गळ लहान), हेअर्स इअर १२ आणि १४ वर. पृष्ठभागासाठी एल्क हेअर कॅडिस १४ नंबरची आणि अ‍ॅडम्स १६ ची पुरे. एखादी काळी वूली बगर असू द्या, संध्याकाळी खोल डोहात मोठी ब्राउन ट्राउट निघते ती तिच्यावर. फेझंट टेल ज्याने बसवली तो फ्रँक सॉयर इंग्लंडातल्या एव्हॉन नदीचा राखणदार होता. त्याच्या मूळ फ्लायमध्ये दोराच नाही, फक्त पिसाचे तंतू आणि तांब्याची तार. ही तार आपल्याकडे मोटर रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात मिळते. केसासारखी बारीक मागा. रिकामं बॉबिन घेऊन गेलात तर तो हसतो, पण गुंडाळून देतो.

तीर्थनचं पाणी पळतं, त्यामुळे निम्फला डोक्याशी मणी लागतो. टंगस्टनचा घ्या. महाग आहे, पण पितळेच्या दुपटीहून जड असतो आणि फ्लाय तळाशी पोचेपर्यंत प्रवाह तिला पुढे नेत नाही. जिग गळ (डोळ्याजवळ वाकवलेला) आणि खाचेचा मणी वापरलात तर टोक वर राहून दगडात कमी अडकतं. दोरा ७० डेनिअरचा, म्हणजे अगदी बारीक. शिलाईचा दोरा १६ नंबरच्या गळावर गाठोडं करतो. डोक्याच्या गाठीवर हेड सिमेंट नसेल तर पारदर्शक नेलपॉलिश चालतं, घरात विचारून घ्या. आणि गळाच्या डोळ्याजवळ थोडी जागा मोकळी सोडा. नवखा माणूस पुढपर्यंत पिसं कोंबत जातो आणि मग नदीवर, थंडीने बोटं बधिर झालेली असताना, त्या बुजलेल्या डोळ्यात टिपेट (फ्लाय बांधायची बारीक तंगूस) ओवत बसतो.

पिसांबद्दल एक सांगतो. कोंबड्याच्या मानेची पिसं भारतातूनही जगभर जातात, त्यांची चिंता नाही. मोराचं गळून पडलेलं पीस निम्फच्या अंगाला उत्तम, पण परदेशातल्या मित्राला ते पाठवू नका, निर्यातीवर बंदी आहे. आणि आपल्या सह्याद्रीतला रानकोंबडा! त्याच्या मानेवरच्या चकचकीत ठिपक्यांच्या पिसांवर स्कॉटलंडच्या, सामन माशासाठी फ्लाय बांधणाऱ्या जुन्या लोकांचा फार जीव. आज त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कोणी ‘गावाकडून आणून देतो’ म्हणाला तर हात जोडा.

रॉड ४ किंवा ५ वजनाचा (हा आकडा लाईनच्या वजनाचा), साडेआठ-नऊ फुटी, लाईन तरंगणारी. लीडर, म्हणजे लाईनच्या टोकाची निमुळती तंगूस, नऊ फुटी आणि टिपेटची ४ एक्स व ५ एक्स अशी दोन रिळं. एक्सचा आकडा ११ मधून वजा केला की टिपेटची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते, म्हणजे ५ एक्स ०.००६ इंच. फ्लायच्या नंबराला तीनने भागलं की साधारण कुठलं टिपेट ते कळतं. गाठी घरी बसून घाला, सर्जन्स नॉट आणि इम्प्रूव्हड क्लिंच, डोळे मिटून जमेपर्यंत. ओढण्याआधी थुंकीने ओली करायला विसरू नका, कोरडी गाठ ओढताना तापून नायलॉन कमजोर होतं.

कास्टिंगचा सराव मैदानावर करायचा, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. रोल कास्ट (लाईन मागे न फेकता पुढेच उलगडत टाकणं) मात्र गवतावर नीट येत नाही, लाईनला पाण्याची पकड लागते. त्यासाठी एखाद्या तळ्याकाठी दोन रविवार घालवा. तीर्थनकाठच्या गुशैनी गावाच्या वर-खाली काठावर झाडी इतकी दाट आहे की मागे लाईन फेकायला जागाच नसते, तिथे हीच विद्या कामाला येते. लांब फेकण्याची गरज पडत नाही. तीस फुटांच्या आत, प्रवाहाच्या उलट, खालून वर चालत, दगडामागच्या शांत पाण्यात फ्लाय टाकायची.

कपड्यांवर फार लिहीत नाही. मातकट रंग, पोलराइज्ड चष्मा, टोपी, सकाळच्या थंडीला एक स्वेटर. बुटांवर कंजूषी नको. तळाचे गोटे शेवाळाने गुळगुळीत असतात, चपलेवर उतरलात तर पाय मोडून घ्याल. हातात काठी हवी. आधी दुसऱ्या नदीत वापरलेले बूट कडकडीत वाळवून न्या, एका पाण्यातलं शेवाळ दुसऱ्यात जायला नको. कात्री, गळ, पक्कड विमानाच्या चेक-इन बॅगेत.

परवाना मत्स्य विभागाचा. दर, किती मासे ठेवता येतात आणि कुठला पट्टा, हे त्याच वेळी विचारून घ्या आणि कागद खिशात ठेवा. ही ट्राउट मुळात इथली नव्हे. कुलू खोऱ्यात ती १९०९ मध्ये आणून सोडली. तरी आज घाटीतल्या कितीतरी होमस्टेंचा आणि गाईडांचा हंगाम तिच्यावर चालतो. म्हणून मी मासा सोडतो. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने घरीच दाबून टाका, हात ओले केल्याशिवाय माशाला लावू नका, फोटो काढायचा तर मासा पाण्यातच ठेवून. छोटा थर्मामीटरही न्या. पाणी २० अंशांवर गेलं तर गळ गुंडाळायचा, तेवढ्या पाण्यात ट्राउट सोडली तरी जगेलच असं नाही. ऑक्टोबरात ही वेळ सहसा येत नाही.

ऑक्टोबरची काळजी वेगळी आहे. ब्राउन ट्राउट अंडी घालते ती याच सुमारास, उथळ वाळू-खडीत. तळाला ताटाएवढा, आजूबाजूपेक्षा उजळ, घासल्यासारखा खडीचा पट्टा दिसला तर तिथे पाय टाकू नका. त्यावर उभ्या असलेल्या जोडीसमोर फ्लायही टाकू नका, कितीही मोठी असली तरी. वळसा घालून वरच्या डोहाकडे जा.